अ‍ॅरेमोनॉप्स प्रजातीतील चार स्पॅरो : वर्गीकरण कशावर ठरते आणि आढळक्षेत्रे अशी तुटक का?

रानटिपण यांचा प्रश्न

नमस्कार. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील उष्णकटिबंधीय पक्ष्यांच्या कुलांविषयी मी टिपणे तयार करीत आहे आणि अ‍ॅरेमोनॉप्स या लहानशा प्रजातीपाशी (म्हणजे निकटच्या जातींच्या गटापाशी; अशा प्रजाती मिळून कुल होते) येऊन अडलो आहे. या प्रजातीत चार जाती मानल्या जातात : ऑलिव्ह स्पॅरो, ग्रीन-बॅक्ड स्पॅरो, ब्लॅक-स्ट्राइप्ड स्पॅरो आणि तोकुयो स्पॅरो. चारही जातींची वर्णने एकापुढे एक वाचली, तर हिरवट पाठ, फिकट पोट, राखाडी डोके आणि माथ्यावरून व डोळ्यांतून जाणारे गडद पट्टे यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. शेजारच्या अ‍ॅरेमोन प्रजातीतील काही पक्षीही दिसायला असेच आहेत. मग या चारांना एकत्र बांधणारे आणि अ‍ॅरेमोनपासून वेगळे करणारे नेमके काय आहे?

दुसरी अडचण नकाशांची आहे. ऑलिव्ह स्पॅरोचे आढळक्षेत्र टेक्सासच्या दक्षिण टोकापासून कोस्टा रिकाच्या वायव्येपर्यंत जाते, परंतु ते सलग नसून तुकड्यातुकड्यांत आहे. ग्रीन-बॅक्ड स्पॅरोचे बरेचसे क्षेत्र तर ऑलिव्ह स्पॅरोच्या क्षेत्राशी गुंतलेले आहे. इतके सारखे दिसणारे दोन पक्षी युकातान या एकाच द्वीपकल्पात राहत असतील, तर त्यांना दोन जाती का मानायचे? आणि जुन्या पुस्तकांत हे सारे पक्षी भारीट पक्ष्यांच्या कुलात दाखवलेले आहेत, नव्या याद्यांत ते पॅसेरेलिडी या कुलात आहेत. हा बदल केवळ नावापुरता आहे की त्यामागे काही भक्कम कारण आहे?

पर्णपाचोळा यांचे उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे जाते. अमेरिका खंडांतील ज्या पक्ष्यांना स्पॅरो म्हणतात, त्यांचा आपल्या ओळखीच्या चिमणीशी निकटचा संबंध नाही. घरचिमणी पॅसेरिडी कुलातली आहे, तिचे मूळ क्षेत्र जुन्या जगात आहे आणि अमेरिकेत ती एकोणिसाव्या शतकात माणसांनी नेऊन सोडली. अमेरिकी स्पॅरो पूर्वी जुन्या जगातील भारीट पक्ष्यांबरोबर एंबेरिझिडी कुलात ठेवले जात, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे बिया फोडणारी शंकूच्या आकाराची चोच. अशी चोच पक्ष्यांच्या अनेक शाखांमध्ये स्वतंत्रपणे तयार झालेली असल्यामुळे नातेसंबंधांचा पुरावा म्हणून ती लंगडी ठरते. अनेक जनुकांची एकत्र तुलना करणाऱ्या अभ्यासांमधून, विशेषतः 2013 नंतर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमधून, हे स्पष्ट झाले की अमेरिकी स्पॅरोंची शाखा जुन्या जगातील भारिटांपासून वेगळी आहे. अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीच्या यादीने 2017 मध्ये पॅसेरेलिडी हे कुल स्वीकारले आणि एंबेरिझिडीत आता जुन्या जगातले भारीटच उरले आहेत. याच फेरमांडणीत क्लोरोस्पिंगस ही डोंगराळ जंगलांतील प्रजाती, जी फार काळ टॅनेजर (अमेरिका खंडांतील पक्ष्यांचे दुसरे एक कुल) समजली जात होती, ती पॅसेरेलिडीत आली. तेव्हा हा बदल नावापुरता नाही. कोण कोणाचा नातेवाईक, याचे उत्तरच बदलले आहे.

आता अ‍ॅरेमोनॉप्सकडे येऊ. या चार जातींपैकी सर्वांत आधी, 1850 मध्ये, बोनापार्ट यांनी ब्लॅक-स्ट्राइप्ड स्पॅरोचे वर्णन केले आणि त्याला अ‍ॅरेमोन प्रजातीतच ठेवले. पुढच्याच वर्षी लॉरेन्स यांनी टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथून ऑलिव्ह स्पॅरोचे वर्णन केले, तेही एंबर्नाग्रा या तिसऱ्याच प्रजातीखाली. साल्विन यांनी 1861 मध्ये ग्रीन-बॅक्ड स्पॅरोलाही एंबर्नाग्रामध्येच घातले. रिजवे यांनी 1896 मध्ये अ‍ॅरेमोनॉप्स ही स्वतंत्र प्रजाती उभी केली आणि टॉड यांनी 1912 मध्ये तोकुयो स्पॅरोची भर घातली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की एंबर्नाग्रा प्रजाती आज स्पॅरोंमध्ये नाही. ती थ्रॉपिडी म्हणजे टॅनेजरांच्या कुलात गेलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील निष्णात अभ्यासकांनाही हिरवी पाठ आणि जाड चोच यांनी किती दूरवर नेले होते, हे यावरून दिसते. त्यांच्यापुढे संग्रहालयातल्या कातड्या होत्या, आवाज नव्हता आणि डीएनए तर नव्हताच. त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्या प्रश्नातील सर्वांत रंजक भाग अ‍ॅरेमोनचा आहे. दिसण्यावरून कोणालाही वाटेल की या दोन प्रजाती सख्ख्या बहिणी असतील. प्रत्यक्षात संपूर्ण पॅसेरेलिडी कुलाचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला बहुजनुकीय अभ्यास वेगळेच चित्र मांडतो. त्यात अ‍ॅरेमोनॉप्सची शाखा अमोड्रामस, प्यूकिया आणि रिंकोस्पायझा या प्रजातींबरोबर येते, तर अ‍ॅरेमोन कुलाच्या दुसऱ्याच भागात बसते. अमोड्रामस म्हणजे ग्रासहॉपर स्पॅरो आणि त्याचे दोन दक्षिण अमेरिकी भाऊबंद. मोकळ्या गवताळ प्रदेशात राहणारे, अंगभर तपकिरी रेघोट्या असणारे पक्षी. झुडपांच्या सावलीत पाचोळा उकरणारा साधा हिरवट पक्षी आणि गवतात लपणारा रेघोट्यांचा पक्षी हे जवळचे नातेवाईक, तर सावलीतलेच दोन हिरवट पक्षी दूरचे, असा हा उलटा हिशेब आहे. माझ्या मते याचा अर्थ सरळ आहे : दाट झाडोऱ्यात जमिनीलगत राहणाऱ्या पक्ष्याला हिरवट पाठ आणि पट्टेदार डोके उपयोगी पडते, म्हणून ती रूपरेषा वेगवेगळ्या शाखांत तयार होते किंवा टिकून राहते. डोक्यावरचे पट्टे तर झोनोट्रिकियासारख्या आणखी दूरच्या प्रजातींतही आहेत.

म्हणून टिपणात अ‍ॅरेमोन आणि अ‍ॅरेमोनॉप्स शेजारी शेजारी ठेवू नका. जुन्या ग्रंथांत ते तसे असतात आणि तेवढ्यावरून नात्याचा आभास निर्माण होतो.

दक्षिणवारा यांचे उत्तर

पर्णपाचोळा यांनी नात्यांचा भाग नीट मांडला आहे, म्हणून मी फक्त आढळक्षेत्रांविषयी लिहितो. या चार जातींचे नकाशे राजकीय सीमांच्या कागदावर पाहिले तर ते विस्कळीत वाटतात. तेच पर्जन्यमानाच्या नकाशावर ठेवले तर बरेचसे कोडे उलगडते. चारही जाती स्थलांतर न करणाऱ्या आहेत, त्या जमिनीजवळ राहतात आणि लांब उड्डाणे घेत नाहीत. त्यामुळे त्यांना हवा तसा झाडोरा जिथे संपतो, तिथे पक्षीही संपतो.

ऑलिव्ह स्पॅरो हा कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशातील काटेरी झुडपी वनांचा व पानगळीच्या वनांचा रहिवासी आहे. अटलांटिक बाजूला दक्षिण टेक्सास आणि तामाउलिपासच्या काटेरी वनांपासून तो पूर्व मेक्सिकोतून खाली युकातान द्वीपकल्पापर्यंत जातो. पॅसिफिक बाजूला मेक्सिकोतील सिनालोआपासून दक्षिणेकडे जाणारी कोरड्या वनांची जी अरुंद पट्टी आहे, तिच्यात त्याचा दुसरा तुकडा आहे. आणि कोस्टा रिकाच्या वायव्येस, ग्वानाकास्ते प्रांताच्या कोरड्या वनांत, आणखी एक लहान तुकडा आहे. या तुकड्यांच्या मध्ये एक तर उंच डोंगर आहेत किंवा दमट सदाहरित वने आहेत, आणि दोन्ही ठिकाणी या पक्ष्याचे काही काम नाही.

ग्रीन-बॅक्ड स्पॅरोचे क्षेत्र त्या मानाने लहान आहे : दक्षिण मेक्सिकोचा युकातानकडील भाग, बेलीझ, ग्वाटेमालाचा पेतेन प्रदेश आणि उत्तर होंडुरास. युकातान द्वीपकल्पाचा वायव्य कोपरा सर्वांत कोरडा आणि तिथून दक्षिणेकडे व आग्नेयेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. ऑलिव्ह स्पॅरो कोरड्या झुडपांकडे झुकतो, ग्रीन-बॅक्ड दमट वनांच्या कडांकडे आणि पुन्हा वाढलेल्या झाडोऱ्याकडे. मधल्या विस्तृत पट्ट्यात दोघेही भेटतात. नकाशावर जे गुंतलेले दिसते, ते जमिनीवर बऱ्याच अंशी अधिवासाने वाटून घेतलेले असते, अर्थात ही वाटणी काटेकोर नाही.

ब्लॅक-स्ट्राइप्ड स्पॅरो या चौघांत आकाराने सर्वांत मोठा आणि सर्वांत दूरवर पसरलेला आहे. पूर्व होंडुरासपासून निकाराग्वा, कोस्टा रिका आणि पनामा ओलांडून तो कोलंबिया व व्हेनेझुएलात जातो, अँडीजच्या पश्चिमेकडून पश्चिम इक्वाडोरमध्ये उतरतो आणि पूर्वेकडे ब्राझीलच्या उत्तर टोकापर्यंत पोचतो. दमट प्रदेशातील जंगलांच्या कडा, झुडपे, मळ्यांचे बांध आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी उगवलेला झाडोरा हे त्याचे घर आहे. अस्पर्श, उंच वनाच्या गाभ्यात तो राहत नाही. यामुळेच जंगलतोडीने त्याचे नुकसान होण्याऐवजी काही ठिकाणी त्याला नवी जागा मिळाली आहे. पनामाच्या कोइबा बेटावर आणि कोलंबियातील माग्दालेना नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या वेगळ्या उपजाती मानल्या जातात. बेट आणि डोंगरांनी वेढलेले खोरे या दोन्ही ठिकाणी पक्षी मुख्य क्षेत्रापासून तुटतो, म्हणून तसे होणे साहजिक आहे.

तोकुयो स्पॅरोबद्दल थोडक्यात : ईशान्य कोलंबियातील ग्वाहिरा द्वीपकल्प आणि वायव्य व्हेनेझुएला येथील कोरड्या काटेरी झुडपांत तो आढळतो, आणि नाव व्हेनेझुएलातील तोकुयो या ठिकाणावरून आले आहे. दिसायला तो लहान व फिकट ब्लॅक-स्ट्राइप्डच वाटतो.

कोस्टा रिकाचे उदाहरण आपल्या टिपणासाठी उत्तम ठरेल. त्या एका लहान देशात कोरड्या वायव्येस ऑलिव्ह स्पॅरो आहे, कॅरिबियन उतारावर आणि पॅसिफिक बाजूच्या दमट दक्षिण भागात ब्लॅक-स्ट्राइप्ड आहे, तर दमट वनाच्या आतल्या अंधाऱ्या तळाशी अ‍ॅरेमोन प्रजातीतील ऑरेंज-बिल्ड स्पॅरो आहे. तिघेही पाचोळ्यातच अन्न शोधतात, पण एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत.

रानटिपण

दोघांचेही आभार. अधिवासाची वाटणी समजली, परंतु तिच्यातूनच एक नवा प्रश्न निर्माण होतो. एकच जाती कोरड्या आणि दमट अशा दोन्ही अधिवासांत थोड्याफार फरकाने राहू शकते; मग युकातानमधील ऑलिव्ह आणि ग्रीन-बॅक्ड यांना उपजाती न मानता स्वतंत्र जाती का मानावे? आणि उलट बाजूने विचारायचे, तर पॅसिफिक किनाऱ्यावरचा ऑलिव्ह स्पॅरो अटलांटिक बाजूच्या पक्ष्यापासून पूर्णपणे तुटलेला असूनही तो त्याच जातीत का? एकत्र राहणारे वेगळे आणि वेगळे राहणारे एक, हा न्याय मला विचित्र वाटतो.

कानोसा यांचे उत्तर

एकत्र राहणारे वेगळे का, याचे उत्तर तुमच्या प्रश्नातच दडलेले आहे. दोन पक्षी एकाच प्रदेशात, एकाच ऋतूत वीण करीत असतील आणि तरीही त्यांचे दोन संच वेगवेगळे ओळखता येत असतील, तर ते सरमिसळ करीत नाहीत हे निसर्गाने दाखवून दिलेले असते. जैविक जाती-संकल्पनेच्या चौकटीत याहून बळकट पुरावा मागता येत नाही. युकातानमधील सहवास हा त्यांना एक मानण्याविरुद्धचाच पुरावा आहे.

ओळखण्याची खूण म्हणून पिसांपेक्षा गाणे अधिक भरवशाचे आहे. ऑलिव्ह स्पॅरोचे गाणे म्हणजे कोरड्या, टोकदार स्वरांची मालिका. ती सावकाश सुरू होते आणि हातातून सुटलेल्या चेंडूच्या टप्प्यांप्रमाणे शेवटाकडे जलद होत जाते. ग्रीन-बॅक्ड एखाद-दोन सुरुवातीचे स्वर काढून मग एकाच पट्टीतला स्वर समान अंतराने म्हणतो, त्याची लय वाढत नाही. ब्लॅक-स्ट्राइप्डचे गाणे सर्वांत लांबलचक, सुरुवातीला संथ आणि विविध स्वरांचे, नंतर एकाच स्वराची वाढत्या वेगाची पुनरावृत्ती. पक्षी दिसलाच तर शेपटीखालची पिसे पाहावीत : ग्रीन-बॅक्डमध्ये ती पिवळसर असतात, ऑलिव्हमध्ये फिकट मातकट. डोक्यावरचे पट्टे ग्रीन-बॅक्डमध्ये काळे आणि ऑलिव्हमध्ये सामान्यतः तपकिरी असतात, पण युकातानमधील ऑलिव्हच्या उपजातीत ते अधिक गडद असल्यामुळे नेमक्या त्याच ठिकाणी, जिथे या खुणेची गरज असते, तिथे ती कमी उपयोगाची ठरते.

डोंगरपट्टा यांचे उत्तर

वेगळे राहणारे एक का, याचे उत्तर इतके सोपे नाही, आणि माझे मत वरील उत्तरांच्या सुरापेक्षा थोडे निराळे आहे. ज्या समूहांची भेटच होत नाही, ते भेटले असते तर सरमिसळ झाली असती की नाही, हे प्रत्यक्ष तपासता येत नाही. तिथे गाणे, रंगरूप, जनुकीय अंतर आणि अधिवास यांवरून अनुमान काढावे लागते. पॅसिफिक बाजूचे ऑलिव्ह स्पॅरो वेगळी जाती मानावेत अशी सूचना पूर्वी केली गेली आहे, आणि त्या समूहाला पॅसिफिक स्पॅरो असे नावही सुचवले गेले. बहुतेक याद्यांनी त्यांना अजून उपजातींच्याच पातळीवर ठेवले आहे. हे एकत्र ठेवणे म्हणजे एकत्वाचा निर्णय समजू नये. जुनी मांडणी मोडण्याइतका पुरावा एका ठिकाणी गोळा होईपर्यंत ती चालू ठेवण्याची ती प्रथा आहे.

असा पुरावा गोळा झाल्यावर काय होते, याचे नमुनेदार उदाहरण अ‍ॅरेमोनमध्येच आहे. अ‍ॅरेमोन टॉर्क्वाटस या नावाखाली कोस्टा रिकाच्या डोंगरांपासून अँडीजमधून पार अर्जेंटिनाच्या उत्तरेपर्यंत पसरलेले पट्टेदार डोक्याचे अनेक समूह एकच जाती मानले जात होते. त्याआधी ही मंडळी ब्युआरेमोन नावाच्या वेगळ्या प्रजातीत होती. जनुकीय अभ्यासाने ती प्रजाती आणि लायसुरस ही दुसरी, अशा दोन्ही अ‍ॅरेमोनमध्येच गुंतलेल्या असल्याचे दाखवल्यावर त्या विलीन झाल्या. कादेना आणि क्वेर्वो या संशोधकांनी 2010 मध्ये या समूहांचा मायटोकाँड्रियल डीएनए, शरीराची मापे, पिसांचे रंग, गाणी आणि हवामानातील स्थान हे सारे एकत्र तपासले आणि एका जातीच्या जागी आठ जाती मानाव्यात असे सुचवले. त्यांत कोलंबियाच्या सांता मार्ता पर्वतरांगेतील एक, कोलंबिया-व्हेनेझुएला सीमेवरील पेरिहा रांगेतील एक, काराकासजवळच्या किनारी डोंगरांतील एक आणि ईशान्य व्हेनेझुएलातील पारिया भागातील एक, अशा अगदी मर्यादित क्षेत्राच्या जाती निघाल्या. इथे अडसराचे काम खोल, उष्ण दऱ्या करतात : थंड डोंगरी वनातला पक्षी त्या ओलांडत नाही.

या उदाहरणातून ऑलिव्ह स्पॅरोसाठी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे पद्धत. केवळ क्षेत्र तुटलेले आहे म्हणून जाती वेगळी होत नाही आणि केवळ दिसणे सारखे आहे म्हणून ती एक राहत नाही. अनेक स्वतंत्र पुराव्यांनी फरकाची रेषा एकाच ठिकाणी दाखवायला हवी. ऑलिव्ह स्पॅरोच्या बाबतीत सिनालोआ ते चियापास, युकातान, तामाउलिपास आणि ग्वानाकास्ते या चारही बाजूंची गाणी आणि जनुके एकत्र मांडलेली तुलना हवी. माझा कल पॅसिफिक समूह वेगळा निघेल असा आहे, पण टिपणात तो निष्कर्ष म्हणून लिहू नये.

पर्णपाचोळा

डोंगरपट्टा यांच्या शेवटच्या सूचनेशी पूर्ण सहमत. एक पुरवणी जोडतो. प्यूकिया ही प्रजाती 2010 पर्यंत अमेरिकी यादीत आयमोफिला या मोठ्या प्रजातीत सामावलेली होती, आणि आज अ‍ॅरेमोनॉप्सच्या शाखेत असलेल्या रिंकोस्पायझाच्या जातीही जुन्या पुस्तकांत आयमोफिला म्हणूनच सापडतील. अमोड्रामसचेही तसेच : 2018 मध्ये त्यातील बहुतेक उत्तर अमेरिकी जाती अमोस्पायझा आणि सेंट्रोनिक्समध्ये गेल्या आणि तीनच जाती मूळ नावाखाली राहिल्या. त्यामुळे अ‍ॅरेमोनॉप्सचे जवळचे नातेवाईक कोण, हे लिहिताना प्रत्येक नावापुढे आजचा अर्थ स्पष्ट करा, नाहीतर वाचक जुन्या पुस्तकातील अमोड्रामस उघडून भलतेच पक्षी पाहत बसेल.

रानटिपण

ही सूचना फार उपयोगाची आहे. तोकुयो आणि ब्लॅक-स्ट्राइप्ड यांच्या संबंधाविषयी एक शेवटचे विचारतो : लहान आकार आणि फिकट रंग हे कोरड्या हवामानामुळेही होऊ शकते. मग तोकुयो हा ब्लॅक-स्ट्राइप्डचाच कोरड्या प्रदेशातील अवतार नाही कशावरून?

दक्षिणवारा

शंका रास्त आहे. कोरड्या प्रदेशातील पक्षी फिकट असणे हा सर्वत्र दिसणारा कल आहे आणि एवढ्यावर जाती ठरत नाही. पण इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे उत्तर कोलंबिया आणि वायव्य व्हेनेझुएलात दोघांची क्षेत्रे एकमेकांना भिडतात. ब्लॅक-स्ट्राइप्ड तुलनेने ओलसर झाडोऱ्यात राहतो आणि तोकुयो काटेरी झुडपांत. केवळ हवामानाचा परिणाम असता, तर कोरड्यापासून ओल्यापर्यंत आकार आणि रंग हळूहळू बदलत गेलेले दिसायला हवे होते. तसे न होता दोन वेगळे आकार शेजारी शेजारी टिकून आहेत. दुसरी म्हणजे ब्लॅक-स्ट्राइप्ड स्वतः इतक्या विविध हवामानांत पसरलेला आहे की त्याच्या उपजातींमधला फरक आपल्याला मोजपट्टी म्हणून वापरता येतो, आणि तोकुयो त्या पट्टीच्या बाहेर पडतो. कानोसा यांनी युकातानबद्दल जो न्याय लावला, तोच इथे लागू होतो. टिपणात या दोन जोड्या, म्हणजे युकातानमधील ऑलिव्ह व ग्रीन-बॅक्ड आणि व्हेनेझुएलातील तोकुयो व ब्लॅक-स्ट्राइप्ड, एकाच परिच्छेदात घ्याव्यात, कारण दोन्ही ठिकाणी कोरड्या बाजूला एक जाती आणि ओल्या बाजूला दुसरी अशीच मांडणी आहे. पॅसिफिक समूहाचा प्रश्न मात्र स्वतंत्र परिच्छेदात ठेवा, कारण तिथे शेजारच नाही.